खुंटीवरची उपरणी

आमच्या अकोल्याच्या घरी ओसरीच्या भिंतीला अकरा खुंट्या होत्या आणि घरात माणसं होती पाच. १८८८ साली लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा या खुंट्यांचं मला नवल वाटलं. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुया मामंजीचं कारस्तान हाये ते. मले काय इचारतं?"

आठ दिवसांनी खुंट्यांचा उपयोग दिसला. शेजारच्या दोन भावांत विहिरीच्या पाळीवरून वाद होता, तो मिटवायला चौघे जण आमच्याकडे आले. मामंजी, म्हणजे माझे सासरे सहदेवराव, मराठी शाळेत मास्तर होते आणि असल्या कामाला लोक त्यांनाच गाठत. चौघे बसतात न बसतात तोच ते म्हणाले, "खांद्यावरची उपरणी खुंटीवर टाका, मंग बोला."

"काहून? थंडी हाये," त्यांतला एक म्हणाला.

"थंडी असन तर घोंगडी देतो. उपरणं खुंटीवर."

चौघांनी मुकाट्याने उपरणी टांगली. मामंजींनी स्वतःचंही टांगलं. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, "मामंजी बैठकीआधी उपरणी काढायला लावतात. कारण विचारणे." डायरीची सवय मला कामठीच्या कॉन्व्हेंटात लागली. माझे वडील तिथे बागेचं काम करत, म्हणून मला शिकायला मिळालं, आणि दिवसाच्या चार ओळी लिहून दाखवल्याशिवाय तिथल्या सिस्टर झोपायला सोडत नसत.

सासऱ्याला नवी सून प्रश्न कसा विचारणार? "कारण विचारणे" हे सात वर्षं तसंच राहिलं. १८९५ च्या उन्हाळ्यात सासूबाई माहेरी गेल्या होत्या, मी भाजी निवडत होते आणि मामंजी सुपातल्या मेथीकडे पाहत म्हणाले, "सूनबाई, ही मेथी शिळी हाये. माह्या मायनं फेकून देली असती." तिथून बोलणं निघालं. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. पुढे १९०३ मध्ये पुन्हा सांगितलं आणि १९११ मध्ये तिसऱ्यांदा. तिन्ही वेळचं मी त्या त्या रात्री लिहून ठेवलं आहे. खाली जे लिहिते ते तिन्ही वेळा सारखं आलेलं आहे. जिथे फरक पडला ते शेवटी सांगते, कारण तो फरकच मला आजवर पुरला.

हकीकत अमरावतीची, १८६४ च्या हिवाळ्याची. मामंजी तेव्हा पंधरा वर्षांचे. तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि त्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला कोणी ऐकला नव्हता असा भाव आला होता. शहरात कापसाचे बोजे ठेवायला जागा उरली नव्हती. लोकांनी गुरं अंगणात बांधून गोठ्यात कापूस भरला. एका देवळाचा सभामंडपही भरला होता आणि पुजारी बोज्यांवर चढून घंटा वाजवायचा. हे देऊळ तिन्ही वेळा आलं, म्हणून मी ते खरं मानते.

मामंजींचं घर माळ्याचं. वडील जानराव, आई मनकर्णाबाई. शहराबाहेर मळा होता, त्यात वांगी, मेथी, कांदे. आई बाजारात बसायची. सहदेव पहाटे डोक्यावर टोपली घेऊन यायचा, ठरलेल्या दहाबारा घरी भाजी पोचवायचा, उरलेली आईजवळ टाकायचा आणि घंटा झाली की शाळेत पळायचा. शाळा एका शेठच्या धर्मशाळेत, दोन मोठ्या खोल्यांत भरत होती. बाजारापासून दीडशे पावलं. हे अंतर महत्त्वाचं आहे. त्या वर्षी मळ्यात मजूर मिळत नव्हता, सगळी बायामाणसं कापूस वेचायला गेली होती. जानरावांनी मुलाला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "भाजी पोचवून शाळा होते तवरिक शिक. ज्या दिवशी नाही जमलं, त्या दिवशी मोटेवर ये."

शाळेचे मास्तर भगवंतराव पुण्याकडचे. पहिले सहा महिने त्यांना वाटत होतं की ही पोरं आपल्याशी भांडताहेत, नंतर कळलं की ती साधं बोलताहेत. त्यांचं म्हणणं असं की मुलं हुशार आहेत, गणितं पटापट करतात, पण चार माणसांत उभी केली की एक तर ओरडतात नाहीतर खांबासारखी गप्प होतात. म्हणून त्यांनी शनिवारी दुपारी मंडळी सुरू केली. एकोणीस मुलं. एकाने उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग विचारायचं. वेळ मोजायला पाण्याच्या पातेल्यात एक बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडायची. वाटी बुडेपर्यंत बोलणाऱ्याने उभं राहायचं, शब्द संपले तरी. दर महिन्याला एक मुलगा प्रमुख. त्याने पाळ्या लावायच्या, गप्प बसणाऱ्याला विचारायचं, आणि मंडळीचं काय ठरलं ते मास्तरांना सांगायचं.

सहदेवची पहिली पाळी आली तेव्हा त्याने पाण्याचा विषय घेतला. सगळं भाषण मामंजींना तोंडपाठ होतं. "विहिरीचं पाणी खोल हाये. पावसाचं वरून येते. मले एवढंच मालूम हाये."

वाटीचा तळही धड ओला झाला नव्हता. तो उभा राहिला. सगळे वाटीकडे पाहत राहिले. तेवढ्यात देवीदास म्हणाला, "सहदेवा, वाटीत पाणी चढून राहिलं, ते कुठून येते तेवढं तरी सांग." मंडळी इतकी हसली की मास्तरही हसले. सहदेव वाटी बुडेपर्यंत उभा राहिला आणि त्यानंतर दोन महिने मंडळीत एक शब्द बोलला नाही.

हा देवीदास कापसाच्या दलालाचा मुलगा. कार्तिकात तो प्रमुख झाला. आता त्या वेळी कापसाचा सौदा कसा व्हायचा ते सांगायला हवं. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दलाल बसायचा. भाव तोंडाने कोणी बोलायचं नाही. दलाल उपरणं पुढे धरायचा, त्याखाली विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, आणि भाव बोटांनी ठरायचा. बोट धरलं, दाबलं, सोडलं, मिटवलं. मग त्याच उपरण्याखाली घेणाऱ्याचा हात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. आणि उपरण्याखाली काय झालं ते नंतर विचारायचं नाही, सांगायचं नाही. ते फोडणारा माणूस बाजारातून उठला.

देवीदासाने हीच रीत मंडळीत आणली. तो म्हणाला, तोंडाने हो-नाही केलं की दोस्तीत वाकडं येते. मी उपरण्याखाली प्रत्येकाची बोटं घेतो आणि ठरलेलं सांगतो. पोरांना हे फार आवडलं. आपण थोर माणसांसारखे सौदे करतो आहोत असं वाटलं. मास्तरांना ती रीत परकी होती, पण भांडण न होता एकोणीस मुलांचं एकमत होतंय हे पाहून त्यांना बरंच वाटलं.

आणि मग मार्गशीर्षाच्या तोंडावर धर्मशाळेच्या शेठचा निरोप आला. कापसासाठी दोन्ही खोल्या हव्यात, फाल्गुनापर्यंत, चार महिने. शाळेने तेवढे दिवस बडनेऱ्याला जावं, तिथे रेल्वेच्या कामाजवळ एक रिकामी कोठी आहे. शाळेच्या कमिटीतले गृहस्थ शेठला दुखवायला तयार नव्हते. मास्तरांनी एवढंच पदरात पाडून घेतलं की मंगळवारी शेठ येतील तेव्हा मुलांचं म्हणणंही ऐकतील. किती महिने जागा सोडायला मुलं राजी आहेत, ते मंडळीने शनिवारी ठरवावं.

बडनेरा तीन कोस. जाऊन येऊन सहा. भाजी पोचवून घंटेला तिथे पोचणं शक्यच नव्हतं. शाळा बडनेऱ्याला गेली की सहदेवची शाळा संपली, हे त्याला मंडळीत पाय टाकण्याआधीच माहीत होतं.

शनिवारी देवीदास एकेकासमोर बसत गेला. उपरणं पुढे. एक बोट म्हणजे एक महिना. चेहऱ्यावर काही नाही, ओठ जेमतेम हलायचे. तो सहदेवसमोर आला. माळ्याच्या पोराचा हात त्याआधी कोणी उपरण्याखाली घेतला नव्हता. वांग्याचा सौदा असा कोण करतो? मामंजी म्हणायचे, "हात गरम होता त्याचा. मले वाटलं, आता आपन मानसात आलो." देवीदास हळूच म्हणाला, "बाकीचे सगळे चारवर हायेत." आणि सहदेवचा हात चार बोटांवर सुटला.

देवीदासाने उठून सांगितलं, "मंडळीचं एकमत. चार महिने."

सगळ्यांनी मान हलवली. सहदेवनेही हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजारात आईजवळ टोपली टाकून तिथेच बसून राहिला. मनकर्णाबाई वांग्याचा भाव ओरडून सांगत होत्या. एक गिऱ्हाईक बाई घासाघीस करत होती, दुसरी मध्ये पडून म्हणत होती की मला काल जास्तीनं दिलं, आणि मनकर्णाबाई दोघींना सगळ्यांसमोर उत्तरं देत होत्या.

"माय," सहदेवने विचारलं, "आपला भाव कपड्याखाली काहून नाही करत आपन?"

"वांगं लपवू का आता? हिले एक भाव अन् तिले एक सांगतला, तर उद्या दोघी मिळून माह्या झिंज्या धरतीन. अन् तू बसला काहून? देशमुखाच्या घरची मेथी कोन पोचवन, तुया बाप?"

मेथी घेऊन तो उठला. देशमुखांच्या घरी शेषराव राहायचा, तिवश्याकडच्या एका पाटलाचा मुलगा, शाळेसाठी आत्याकडे ठेवलेला. तोच दारात आला.

"शेषराव, तू किती बोटं देले?"

शेषरावाने आधी आत पाहिलं, मग रस्त्याकडे. "बोटं इचारून राहिला तू? लाज नाही वाटत?"

"वाटते. सांग."

"म्या एकच देलं होतं. मंग देवीदास म्हणे बाकीचे सगळे चारवर हायेत. म्या म्हटलं, आपनच काहून मांगं राहाचं?"

सहदेव मेथीच्या जुड्या हातात धरून तसाच उभा राहिला. आतून आत्याबाई ओरडल्या, "अरे, ती मेथी आज घरात येनार हाये का उद्या?"

त्या दिवशी आणि सोमवारी सकाळी त्याने भाजीची घरं जरा वेगळ्या वाटेने घेतली. ज्या ज्या घरात शाळेचं पोर होतं तिथे थांबला आणि तोच प्रश्न विचारला. कोणी दार लावून घेतलं, कोणी शिवी दिली आणि मग सांगितलं. कोणी एकवर होतं, कोणी दोनवर, एकाने तर बोटच दिलं नव्हतं. आणि प्रत्येकाला तेच सांगितलं गेलं होतं. शेवटी तो सोनाराच्या मुलाकडे गेला. हा मंडळीत दाराजवळच्या कोपऱ्यात बसायचा, म्हणजे देवीदासाने सुरुवात त्याच्यापासून केली होती.

"तुले काय म्हणाला तो?"

"म्हणाला, बाकीचे सगळे चारवर हायेत."

"बाकीचे कोन? तुयापासूनच तर सुरू झालं ना."

सोनाराच्या मुलाने बराच विचार केला. "हो ना बे," तो म्हणाला. "माह्या ध्यानातच नाही आलं."

मामंजी इथे प्रत्येक वेळी हसत. १९०३ मध्ये इतके हसले की त्यांना ठसका लागला, असं माझ्या डायरीत आहे.

सोमवारी दुपारी सहदेवने मास्तरांना सांगितलं, "मले मंडळीत बोलाचं हाये." मास्तरांनी सगळ्यांना बसवलं. सोनाराच्या मुलाने सवयीप्रमाणे पाण्यात वाटी सोडली.

सहदेव उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने रस्ताभर जुळवलं होतं, ते सगळं विसरला. मग जे एक खरं होतं तेवढं म्हणाला. "म्या चार बोटं देले. मले जायचं नव्हतं. शाळा बडनेऱ्याले गेली तर मले मोटेवर जा लागते. तरीबी म्या चार देले."

देवीदासाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "हे फोडाचं नसते, सहदेवा. बाजारात असं केलं तर माह्या बापाच्या हातात कोनी हात देनार नाही."

"हा बाजार नाही ना पन."

"मंग काय हाये?"

सहदेव म्हणाला, "ते मले नाही मालूम. पन मले तुमचे सगळ्यायचे बोटं पाहाचे हायेत. वरतून."

शेषराव उठला आणि म्हणाला, "माहं एक." त्याने बोट वर धरलं. मग सोनाराचा मुलगा, "माहे दोन." मग एकेक. कोणी लाजत, कोणी हसत. खोलीत एकोणीस मुलं बोटं वर करून बसली होती आणि त्यांत चार बोटं एकाचीही नव्हती. एकोणीस म्हणजे अठरा. देवीदासाचे दोन्ही हात उपरण्यात होते.

"तुये किती?" सहदेवने विचारलं.

"दलालाले बोटं नसतात."

"आज असू दे."

देवीदासाने हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "माहा बाप म्हणते, पुढारी तोच जो सौदा तुटू देत नाही. शेठनं चार मांगले, म्या चार जुळवले. म्या कोनाचं वाईट नाही केलं." मग तो म्हणाला, "मले नाही जायचं बडनेऱ्याले. एकबी महिना नाही. पन मले कोनी इचारलंच नाही."

मग मास्तर बोलले. ते म्हणाले, "चूक माझी. प्रमुखाने गप्प बसणाऱ्याला विचारावं, एवढं मी सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारावं, हे सांगायचं राहिलं." कोणीतरी पातेल्यात पाहिलं. वाटी केव्हाच तळाशी गेली होती.

मंडळीचं खरं काम त्यानंतर झालं, आणि मला ते भाषणापेक्षा जास्त आवडतं. चार तर द्यायचे नाहीत, पण शेठला नुसतं नाही म्हटलं तर तो धर्मशाळाच काढून घेईल, हे देवीदासाने सांगितलं. "समोरच्याले काय पाहिजे ते आधी पाहा," तो म्हणाला. "त्याले महिने नाही पाहिजे, जागा पाहिजे." शेषरावाच्या घरी कापूस होता, त्याला बोज्याची लांबीरुंदी माहीत. पोरांनी पावलांनी दोन्ही खोल्या आणि मागची पडवी मोजली. बोजे छताला लावून रचले तर एक खोली आणि पडवी मिळून शेठचं काम बहुतेक भागत होतं. रचायला माणूस मिळत नव्हता, म्हणून शेठ पसरून ठेवणार होता. ते रचायला एकोणीस पोरं होती.

बोलायचं कोणी? देवीदास म्हणाला, "सहदेवनं."

"मी पान्यावर चार वाक्यं नाही बोललो."

"तीनच होते," देवीदास म्हणाला. "म्हणूनच तू. तुयावर कोनाले संशय येनार नाही का हा घोळवून राहिला."

मंगळवारी शेठ आले, कमिटीचे दोघे गृहस्थ आले. पोरं ओळीने बसली. शेठ स्वभावाने वाईट नव्हते. उभा राहिलेला भाजीवाल्याचा मुलगा पाहून त्यांना गंमत वाटली. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढे धरलं आणि म्हणाले, "ये बेटा, हात दे. बघू दे तुमची मंडळी किती महिन्यांवर आहे."

मामंजी म्हणत, तो हात पुढे आला आणि मला वाटलं, द्यावा. शेठच्या उपरण्याखाली माळ्याचा हात. बाजारातल्या कोणाला खरं वाटलं नसतं. सहदेवने मागे पाहिलं. अठरा जण त्याच्या हाताकडे पाहत होते.

त्याने हात जोडले. "शेठजी, बोटं नाही देत. इथंच बोलतो. चुकलो तर हे अठरा जन दुरुस्त करतीन."

"दुरुस्त करतील? तुला? सगळ्यांसमोर?"

"हो जी. कालपासून करूनच राहिले."

कमिटीचे एक गृहस्थ हसले. सहदेवने खोली, पडवी आणि बोज्यांची रास सांगितली. मध्ये एकदा आकडा चुकला, तर शेषराव मागून म्हणाला, "नऊ नाही, सात," आणि सहदेव म्हणाला, "सात." शेठ देवीदासाकडे वळले. "काय रे, तू दलालाचा पोरगा. तुला तरी कळतं ना सौदा कसा करतात?" देवीदासाने आपलं उपरणं काढलं, घडी केली आणि शेजारच्या खुंटीवर टांगलं. "आज उघडा करून राहिलो, शेठजी," तो म्हणाला.

खोल्या पाहून झाल्या. शेठ म्हणाले, एक खोली आणि पडवी, होळीपर्यंत, आणि एकही बोजा ओला झाला तर पाहून घेईन. शाळा जागची हलली नाही. चार महिने एकोणीस मुलं अर्ध्या जागेत बसली, दौतीत कापसाचे धागे पडत आणि अक्षरांना शेपट्या फुटत. पुढच्या वर्षी अमेरिकेतली लढाई संपली, भाव पडला आणि ती खोली पुन्हा कोणी मागितली नाही.

सहदेव शिकला, मास्तर झाला आणि अकोल्याला आला. तीस वर्षं त्याने शनिवारी पोरांची मंडळी भरवली. खुंट्या त्याने स्वतः ठोकल्या. त्याचे विद्यार्थी कोणी पाटील झाले, कोणी कारकून. मोठं असं कोणी झालं नाही. मामंजींनी तसं कधी म्हटलंही नाही.

आता फरक. १८९५ मध्ये त्यांनी मला सांगितलं की मी चार बोटं दिली. १९०३ मध्ये सांगितलं की मी तीन दिली, चौथं देवीदासाने ओढलं. मी तेव्हा समासात दोन्ही तारखा लिहून प्रश्नचिन्ह केलं. १९०९ च्या वैशाखात आमच्या नात्यातल्या एका लग्नाला देवीदासराव अमरावतीहून आले होते. पांढरे केस, दोन सुना बरोबर, अजून दलालीच. मी पानाचं तबक घेऊन गेले आणि जे कोणी कोणाला विचारत नाही तेच विचारलं.

त्यांनी तबकातली एक सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "सहदेवनं तुमाले काय सांगतलं?"

"कधी चार, कधी तीन."

"त्यानं एकबी नव्हतं देलं, बाई. मूठ धरली होती, घट्ट. त्या एका हातानंच मले नाही म्हटलं होतं. म्या एक एक बोट उघडलं त्याचं." त्यांनी तबकातून दुसरी सुपारी घेतली नाही. "अन् दोन दिवसांनी उभा राहून सगळ्यायले म्हणते, म्या चार देले. मले वाटलं, आता माहं नाव घेईन. नाही घेतलं."

ही गोष्ट मी दोन वर्षं मनात ठेवली. १९११ मध्ये मामंजी आजारी होते, दुपारी ओसरीवर पडून होते. तिसऱ्यांदा हकीकत सांगताना "म्या चार देले" इथे आले, तेव्हा मी थांबवलं आणि देवीदासराव काय म्हणाले ते सांगितलं.

त्यांनी उजवा हात चादरीबाहेर काढून मूठ केली, आणि डाव्या हाताने एकेक बोट उघडून पाहिलं. "असं असन का?" ते म्हणाले. खरंच आठवून पाहत असल्यासारखा चेहरा झाला. "मले तर दिल्याचंच आठवते, सूनबाई. उघडले कोनंबी असो, बोटं माहेच होते. म्या हात मांगं घेऊ शकत होतो."

"मग मी काय लिहू?"

"दोन्ही लिही," ते म्हणाले. "कोनाचं म्हणनं कोनतं ते लिहून."

तसं लिहिलं आहे. त्या वर्षीच्या आषाढात ते गेले. तेराव्याला कोणी काय करायचं यावर घरात बैठक बसली, सगळे एकदम बोलू लागले. माझे यजमान उठले, उपरणं काढून त्यांनी खुंटीवर टाकलं आणि खाली बसले. मग एकेक जण उठला.